शेवटचे तीन किलोमीटर

पुण्यातल्या विश्रांतवाडीहून माथेरानला कमी पैशांत जायचे, तर घाटापर्यंत फारसे डोके चालवावे लागत नाही. पीएमपीची बस पुणे स्टेशनला सोडते. तिथून मुंबईकडे जाणाऱ्या आणि कर्जतला थांबणाऱ्या गाडीच्या जनरल डब्याचे तिकीट काढायचे, सुमारे ९२ किलोमीटरवर कर्जतला उतरायचे आणि मुंबईच्या दिशेची लोकल पकडायची. भिवपुरी रोडनंतरचे स्टेशन नेरळ. इथवरचा सगळा खर्च एखाद्या बऱ्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा कमी होतो. खरा हिशेब नेरळ सोडल्यावर सुरू होतो, आणि त्यातही गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून गावापर्यंतच्या शेवटच्या तीनेक किलोमीटरांत. माथेरानमधली खोली, वडापाव, पाण्याची बाटली, अंगाचा साबण, प्रत्येक गोष्टीच्या किमतीत हे तीन किलोमीटर मिसळलेले आहेत. जो माणूस ते स्वतःच्या पायांनी चालतो, त्याची सहल निम्मी स्वस्त तिथेच होते.

त्याआधीचा घाट मात्र फुकटात मिळालेला नजारा आहे. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. लोणावळ्याहून खाली उतरणाऱ्या गाड्या आजही ब्रेकच्या तपासणीसाठी मंकी हिल, ठाकूरवाडी, नागनाथ अशा ठिकाणी क्षणभर थांबतात. चढ-उतार एवढा तीव्र आहे की वर येणाऱ्या गाडीला मागून जोर द्यायला जादा इंजिने लागतात. पावसाळ्यात बोगदा संपला की धबधबा आणि धबधबा मागे पडला की पुन्हा बोगदा, असा हा तासाभराचा खेळ आहे. तो पाहायचा तर दाराशी लोंबकळण्यापेक्षा खिडकी मिळवावी, आणि खिडकीसाठी सकाळची गाडी बरी. कर्जतला दिवाडकरांचा वडा खाल्ल्याशिवाय पुढे जाणारा पुणेकर विरळा. तो खाऊन घेण्यात शहाणपणही आहे, कारण डोंगरावर वड्याचा भाव चढतो.

पुण्याच्या माणसाला थंड हवेचे ठिकाण म्हटले की आधी महाबळेश्वर आठवते. ते उंचीने बरेच वरचढ आहे, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,३७० मीटर; माथेरान जेमतेम ८०० मीटरच्या आसपास. महाबळेश्वरला स्वारगेटहून एसटी थेट जाते, महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहे, आणि एसटी स्टँडवरून निघणारी महाबळेश्वर दर्शनाची बस एकट्या माणसाला टॅक्सीच्या भाड्यातून वाचवते. तरीही तिथले पॉइंट एकमेकांपासून लांब पसरलेले आहेत. क्षेत्र महाबळेश्वर एका टोकाला, प्रतापगड पार वीस-पंचवीस किलोमीटरवर. गाडी नसेल तर दिवस दुसऱ्याच्या वेळापत्रकावर चालतो. लोणावळ्याचे तर रस्त्यानेच वाटोळे केले. शनिवारी दुपारी तिथे थंड हवेपेक्षा गाड्यांचा धूर जास्त. माथेरानचे उलट आहे. सगळे गाव आणि त्याचे तीसेक पॉइंट एका पठाराच्या कडेकडेने आहेत, आणि तिथे कोणाकडेच गाडी नाही. पाठीवर सॅक घेतलेल्या माणसाला यापेक्षा न्यायाचे गाव महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण.

हा न्याय कोणी ठरवून केलेला नव्हता. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढून आला, आणि त्याच्या पाठोपाठ मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने इथे वसाहत उभी करण्यात लक्ष घातले. पुढे मुंबईतल्या पारशी, बोहरी आणि गुजराती धनिकांनी जांभ्या दगडाचे बंगले बांधले. उन्हाळ्यात मुंबई सोडून वर जाणे ज्यांना परवडत होते त्यांचेच हे गाव होते. बाकीचे लोक वर जात ते ओझी वाहायला. पॉइंटांची नावे पाहिली तरी याची कल्पना येते: लुईझा, अलेक्झांडर, पॉर्क्युपाइन, गार्बेट. या पॉइंटांखालच्या वाड्यांमधल्या ठाकर, कातकरी आणि धनगरांच्या पिढ्या या डोंगरावर आधीपासून वावरत होत्या, पण नकाशावर नाव घालण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता.

याच गावात १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल जन्मले, हे पर्यटकांच्या माहितीपत्रकात क्वचितच असते. नाभिक समाजातल्या कुटुंबातला हा मुलगा शिकून वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत बसला, कर्जत तालुक्यातल्या गरीब शेतकऱ्यांसाठी त्याने धान्यकोठ्या चालवल्या आणि १९४२ च्या लढ्यात ‘आझाद दस्ता’ उभारून विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. गव्हर्नर आणि कलेक्टरच्या गोष्टीबरोबर ही गोष्ट सांगितली नाही तर माथेरानचा इतिहास अर्धाच राहतो.

वर जायला रेल्वे आली ती १९०७ साली. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याच्या देखरेखीखाली ती तीन वर्षांत बांधून झाली. रुळांची रुंदी दोन फूट. नेरळहून गाडीरस्त्याने दस्तुरी नऊ-दहा किलोमीटरच भरते, पण रुळांची लांबी सुमारे २१ किलोमीटर आहे, कारण चढ वीसास एकपेक्षा तीव्र होऊ द्यायचा नाही म्हणून मार्ग डोंगराभोवती वेटोळे घेत वर जातो. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशने लागतात. १९८२ पर्यंत ही गाडी वाफेच्या इंजिनावर चालत होती. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग वाहून नेला, २०१६ मध्ये डबे घसरल्यावर ती बंद ठेवावी लागली, २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ उखडले आणि नेरळपासूनची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये परत सुरू झाली. सांगायचा मुद्दा असा की पूर्ण प्रवासाची मिनी ट्रेन ही बेत ठरवताना गृहीत धरण्याची गोष्ट नव्हे. फेऱ्या मोजक्या, आसने थोडी, वेळ दोन तासांहून अधिक, आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंदच असतो. मिळाली तर आनंद मानावा. न मिळाल्यास नेरळ स्टेशनबाहेर माणशी भाड्याच्या टॅक्स्या उभ्या असतात. चार-पाच माणसे जमली की गाडी सुटते. एकट्याने पूर्ण गाडी करणे हा या सहलीतला सर्वांत अनावश्यक खर्च होय.

टॅक्सी दस्तुरीला थांबते आणि तिथे सगळ्यांचीच चाके संपतात. नगरपरिषदेचा प्रवासी कर भरून प्रत्येकाने पुढे जायचे. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला, पण मोटारीला मज्जाव त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांसारखे अपवाद सोडले तर मोटारीच्या इंजिनाचा आवाज या गावात ऐकू येत नाही.

आल्प्समध्ये याचा जवळचा नातेवाईक म्हणजे स्वित्झर्लंडचे त्सेरमाट. मॅटरहॉर्न या ४,४७८ मीटरच्या शिखराखाली वसलेले हे गाव १,६०० मीटरवर आहे आणि तिथेही पेट्रोलच्या गाड्यांना बंदी आहे. मोटारींसाठी रस्ता पाच किलोमीटर अलीकडे टेश या गावात संपतो. तिथल्या प्रचंड वाहनतळात गाडी ठेवायची आणि बारा मिनिटांच्या शटल रेल्वेने वर जायचे. टेशच्या जागी दस्तुरी आणि त्या रेल्वेच्या जागी अमन लॉजहून गावात जाणारी शटल ठेवली की आकृती तीच. त्सेरमाटला रेल्वे पोहोचली १८९१ साली, माथेरानच्या सोळा वर्षे आधी. दोन्हीकडे आधी श्रीमंत पाहुणे आले, मग रेल्वे, मग हॉटेले, आणि सगळ्यांत शेवटी सॅकवाले. स्वस्तात राहण्याच्या युक्त्याही फारशा वेगळ्या नाहीत. त्सेरमाटमध्ये हात आखडणारा प्रवासी टेशला मुक्काम करतो, दुकानातून पाव आणि चीज घेतो, ३,०८९ मीटरवरच्या गोर्नरग्राटला रेल्वेने जाऊन परतीचे तिकीट न काढता चालत उतरतो. माथेरानला जाणारा नेरळला किंवा दस्तुरीला उतरतो, पिशवीत चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतो आणि परतीला डोंगर पायी उतरतो. फरक आहे तो एका ठिकाणी. त्सेरमाटच्या गल्ल्यांत सामान वाहायला बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या कधीच्या आल्या. माथेरानमध्ये परवापरवापर्यंत ते काम माणूसच करत होता.

दस्तुरीच्या फाटकाआत पाऊल टाकले की हे समोर येते. घोडेवाले, हमाल आणि हॉटेलचे एजंट एकदम गराडा घालतात. गाव लांब आहे, शटल बंद आहे, चालत जाणे जमणार नाही, अशी माहिती न विचारता दिली जाते. हा प्रकार इतका वाढला की मार्च २०२५ मध्ये पर्यटकांची फसवणूक थांबावी म्हणून गावकऱ्यांनीच माथेरान बंद पुकारले होते. वस्तुस्थिती साधी आहे. अमन लॉज स्टेशन दस्तुरीपासून काही मिनिटांवर आहे आणि तिथून शटल गाडी थेट बाजारात सोडते. चालायचे तर रुळांच्या कडेने जाणारी वाट पाऊण तासात गावात पोहोचवते. वाट बहुतेक सावलीतली, चढ सौम्य, चुकण्याची भीती नाही.

हातरिक्षा जवळून पाहण्यासारखी होती, आणि पाहिल्यावर तिच्यात बसावेसे वाटत नसे. दोन मोठी चाके, मध्ये एका-दोघांची गादीची बैठक, पुढे आडवा दांडा. दांड्यामागे एक जण ओढत असे, आणि मागून एक-दोघे रेटत. उतारावर हाच दांडा छातीशी धरून संपूर्ण वजन मागे रोखावे लागे, आणि चढापेक्षा उतार जास्त जीव काढत असे. पावसात लाल मातीचा चिखल झाला की तळव्यांना पकड राहत नसे. ही गाडी बंद करून ई-रिक्षा द्या, ही मागणी पर्यावरणवाल्यांची किंवा पर्यटकांची नव्हती; हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेनेच ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक ई-रिक्षांना परवानगी दिली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या धावू लागल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश झाला. घोडेवाल्यांचा ई-रिक्षांना विरोध होता आणि तो समजण्याजोगा आहे, त्यांचे पोट घोड्यावर आहे. पण वाहनबंदीचा सोहळा करताना तिची किंमत कोणाच्या छातीने चुकती होत होती, हे इतकी वर्षे फारसे कोणी विचारले नाही. निवांत, धूरमुक्त गाव म्हणून माथेरानचे कौतुक करणारे लेख पुष्कळ निघाले. त्यांत रिक्षा असे ती रंगीत छायाचित्रापुरती.

किमतींचे कोडे इथेच सुटते. दस्तुरीला आलेली भाजी, दूध, पिठाची पोती, विटा, सिमेंट, गॅसच्या टाक्या हे सगळे घोड्यावर, हातगाडीवर, रेल्वेने किंवा डोक्यावर गावात जाते. प्रत्येक पोत्यामागे हमाली चढते. म्हणून वर दुकानदार जास्त पैसे घेतो तेव्हा त्याला लुटारू ठरवण्याआधी खालून वर येणारी एखादी टाकी पाहावी. काटकसरी प्रवाशाने घासाघीस करण्यापेक्षा ओझे स्वतःच्या पाठीवर आणणे अधिक सरळ: दोन लिटर पाणी, भडंग, चपात्या, गुळाच्या पोळ्या, केळी. मात्र केळी सॅकच्या आत खोल ठेवावीत. इथली माकडे प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात आणि हातातली पिशवी ही त्यांची हक्काची वसुली असल्यासारखी नेतात.

राहण्याचे गणित थोडे फसवे आहे. माथेरानची पुष्कळ हॉटेले खोलीचा नव्हे, माणशी दर सांगतात, आणि त्यात नाश्ता, दोन वेळचे जेवण, संध्याकाळचा चहा धरलेला असतो. मुंबईच्या कुटुंबांना ही सोय आवडते. दिवसभर कड्यांवर भटकणाऱ्याला दुपारच्या जेवणाला परत येणे परवडत नाही, आणि न खाल्लेल्या जेवणाचे पैसे तर गेलेलेच असतात. त्याने बाजाराच्या मागच्या गल्ल्यांमध्ये स्थानिक कुटुंबांनी भाड्याने दिलेल्या खोल्या शोधाव्यात. पलंग, पंखा, न्हाणीघर आणि सांगितल्यास घरचे जेवण, एवढ्यावर भागते. खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि गरम पाणी किती वाजता येते ते आधी विचारावे. बादलीचा वेगळा दर लावणारेही आहेत. एसटी आणि एमटीडीसीच्या जमान्यातला प्रवासी दस्तुरीजवळच्या एमटीडीसीच्या निवासातही उतरतो. तिथून गावात जायला रोज तीन किलोमीटर चालावे लागते, ही त्याची उणीव म्हणायची की गुण, ते चालणाऱ्यावर आहे.

दर सर्वांत जास्त ठरतो तो वारावर. शुक्रवार रात्र ते रविवार दुपार मुंबई आणि पुणे दोन्ही इथे लोटतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांत तर भाव सांगणाऱ्याचा असतो. मंगळवार-बुधवारी तीच खोली बऱ्याच कमी पैशांत मिळते, आणि पॅनोरमा पॉइंटवर सूर्योदय पाहताना पाठीमागे सेल्फी काढणाऱ्यांची रांग नसते. विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर भागात भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि पाळीत काम करणाऱ्यांना आठवड्यातली मधली सुटी मिळू शकते, ही त्यांची श्रीमंती. ज्यांना शनिवार-रविवारखेरीज मोकळीक नाही, त्यांनी रात्रीचा मुक्काम टाळून पहाटे निघावे आणि रात्री परतावे. पावसाळ्यात खोल्या आणखी उतरतात. बदल्यात धुके, ओले कपडे आणि दिवसचे दिवस न दिसणारी दरी पत्करावी लागते. त्या धुक्यासाठीच पावसात येणारे लोकही आहेत, आणि त्यांची निवड वाईट नाही.

पॉइंट पाहायला घोडा करणे हा इथला रिवाज आहे, गरज नाही. दक्षिणेकडे शार्लोट तलाव, त्याच्या काठचे पिसरनाथाचे देऊळ, तिथून इको, लुईझा असे करत पश्चिमेच्या कड्याने सूर्यास्तापर्यंत पॉर्क्युपाइनला पोहोचणे एका दिवसात आरामात होते. लुईझावरून समोर प्रबळगडाची लांबलचक भिंत दिसते आणि तिच्या टोकाला कलावंतिणीचा सुळका. पॅनोरमा उत्तरेच्या टोकाला आहे, म्हणून तो दुसऱ्या दिवसाच्या पहाटेसाठी राखावा. खाली नेरळ, बाजूला पेबचा किल्ला, आणि पावसानंतरच्या स्वच्छ हवेत उल्हास नदीचे वळण. पॉइंटांच्या मधल्या वाटा हेच खरे माथेरान आहे. जांभ्याची लाल माती बुटांवर, पायमोज्यांवर, कानात बसते आणि घरी तीन धुण्यांत निघत नाही. वर जांभूळ, हिरडा, अंजन यांचे छत इतके दाट की मे महिन्याच्या दुपारीही ऊन ठिपक्याठिपक्यांनी उतरते. एखादी फांदी विनाकारण हलली तर थांबून पाहावे, शेकरू असण्याची शक्यता असते. घोड्यावरून जाणाऱ्याला ते दिसत नाही, कारण त्याचे लक्ष खोगिरावर असते.

पायी प्रवास विश्रांतवाडीला शिकवायला नको. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी दरवर्षी दिघी, कळसवरून याच वस्तीतून पुण्यात शिरते, आणि अडीचशे किलोमीटर चालायला निघालेल्या वारकऱ्याच्या खांद्यावर जी पिशवी असते ती कोणत्याही सॅकपेक्षा हलकी असते. एक धोतर किंवा लुगडे, पांघरूण, तांब्या, पावसाला प्लास्टिकचा कागद. दोन दिवसांच्या माथेरानला साठ लिटरची सॅक भरणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

ज्यांना नेरळच्या टॅक्सीचेही पैसे वाचवायचे आहेत, त्यांच्यासाठी डोंगराच्या चारही बाजूंनी पाऊलवाटा आहेत. पनवेलकडून धोदाणी गावात उतरून सनसेट पॉइंटला चढता येते. चौकच्या बाजूने आंबेवाडीतून शिवाजीची शिडी म्हणून ओळखली जाणारी वाट वन ट्री हिलवर निघते; मॅलेटही वर आला तो या अंगाने, तेव्हा गावचा पहिला पाहुणा पायीच आला होता असे म्हणायला हरकत नाही. या वाटा वाडीतल्या लोकांच्या रोजच्या वापरातल्या आहेत. वाटाड्या घेतल्यास त्याचे पैसे आधी ठरवून पूर्ण द्यावेत, तिथे काटकसर करू नये. रेल्वेच्या रुळांवरून नेरळहून चढण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण रुळांवरून चालणे हा गुन्हा आहे आणि वळणावर गाडी आली तर बाजूला व्हायला जागाही नसते.

उतरायला मात्र गार्बेटची वाट सर्वांत चांगली. माथेरानच्या पूर्व अंगाने गार्बेटच्या पठारावर यावे, सागाची वाडीतून पाली-भूतिवलीच्या धरणाकडे उतरावे आणि पाण्याच्या कडेकडेने भिवपुरी रोड स्टेशन गाठावे. तीन-चार तास पुरतात. पावसाळ्यात ओढे भरले असतील आणि सोबत कोणी माहीतगार नसेल, तर हा बेत रद्द करून शटल आणि टॅक्सी धरावी. दुपारी दोनच्या आत निघालेला माणूस अंधार पडण्यापूर्वी स्टेशनात असतो. भिवपुरीहून कर्जतपर्यंतचे लोकलचे तिकीट चहाच्या पैशांत येते. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या गाड्यांना जनरल डब्यात रेटारेटी असते, म्हणून तिकीट लोकलमधून उतरल्या उतरल्या काढावे आणि गाडीची वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवावी, कारण मुंबई-पुण्यादरम्यानची प्रत्येक गाडी कर्जतला थांबत नाही. गाडीला उशीर झालाच, तर पुणे स्टेशनवरून विश्रांतवाडीची शेवटची बस चुकते आणि सगळ्या सहलीत वाचवलेल्या पैशांतले बरेचसे रात्रीच्या रिक्षावाल्याला द्यावे लागतात.